फुगा मॅजिस्टर: शेपटीचा तिसरा तुकडा गेला कुठे?

पतंगबहाद्दर

लोकहो, परवा भाच्याच्या वाढदिवसाला विमानाचं प्लॅस्टिकचं किट आणलं. जुना स्टॉक, डब्यावर सगळं फ्रेंचमध्ये. मामा-भाचे चटई टाकून बसलो, फ्रेममधून तुकडे सुटे केले, पंख चिकटवले आणि शेपटीला आलो तर तुकडे दोनच. उभं पातं नाहीच. तासभर सोफा सरकव, झाडू फिरव, ताईची बोलणी खा. शेवटी तणतणत दुकानदाराला फोन लावला, म्हटलं अर्धवट माल विकता का. तो शांतपणे म्हणाला, साहेब जरा डब्यावरचं चित्र बघा की. बघितलं. त्या विमानाला शेपटीला दोनच पाती असतात, तिरकी, इंग्रजी व्ही सारखी. सॉरी म्हणून फोन ठेवला, ताई अजून हसतेय.

तर या विमानाचं नाव फुगा सीएम १७० मॅजिस्टर. हो, फुगाच. फ्रेंच लोक फूगा म्हणत असतील, आमच्या घरात त्याचा फुगा झालाय आणि तोच राहणार. इतकी लाज गेल्यावर म्हटलं निदान हे आहे काय ते तरी बघू, आणि दोन रात्री जागलो.

गास्तों फुगा नावाच्या गृहस्थांनी १९२० मध्ये दक्षिण फ्रान्सातल्या बेझिए गावात कंपनी काढली, धंदा काय तर रेल्वेचे डबे दुरुस्त करणे. विमानाचा दूरदूर संबंध नाही. मग १९३६ च्या आसपास रोबेर कास्तेलो नावाचा ग्लायडरवाला (म्हणजे बिनइंजिनाच्या विमानांवाला) इंजिनिअर त्यांच्याकडे आला आणि कंपनी ग्लायडर बनवायला लागली. त्याच्याबरोबर पियेर मोबूसां, हे छोट्या विमानांचे डिझायनर. सीएम म्हणजे कास्तेलो-मोबूसां. कारखाना एर-स्युर-लादूर या गावात, पिरेनीज डोंगरांच्या अलीकडे.

युद्ध संपलं तेव्हा फ्रान्सचा विमानउद्योग पार झोपलेला होता. पायलट शिकवायला उरलंसुरलं, म्हंजे अमेरिकन टेक्सन आणि जर्मन आराडोच्या डिझाइनवर फ्रान्समध्येच काढलेली विमानं. आणि लढाऊ दलात तर जेट यायला लागलेली. पंख्याच्या विमानावर शिकलेला पोरगा एकदम जेटवर बसवला की काय होतं हे सगळ्यांनाच कळत होतं. १९४८ मध्ये फुगावाल्यांनी एक छोटं जेट ट्रेनर सुचवलं, हवाई दलाने बघितलं आणि म्हणाले ताकद कमी पडते, मोठं करून आणा. ते आणलं तो मॅजिस्टर. डिसेंबर १९५० ला तीन प्रोटोटाइपची ऑर्डर, २३ जुलै १९५२ ला पहिलं उड्डाण, १९५६ पासून नोकरीत. एकूण ९२९ बनली, त्यातली २८६ परदेशात लायसनवर, जर्मनी, फिनलंड आणि इस्रायलमध्ये. जगातलं पहिलं खास ट्रेनिंगसाठी बनवलेलं जेट!

डबे दुरुस्त करणारी कंपनी हो. मला यातच फार मजा वाटते. जाणकारांनी भर घालावी.

माऊली_७

पहिला नंबर! दुकानदाराचा किस्सा वाचून हसून हसून पुरेवाट. एक बाळबोध प्रश्न: उभं पातं नाही तर विमान डावी-उजवीकडे वळतं कसं?

सदाशिवपेठी

लेख छान, पण "जगातलं पहिलं" हे खोडा. हॉलंडच्या फोकर कंपनीचं एस १४ हे १९ मे १९५१ ला उडालं, तेही मुळापासून ट्रेनिंगसाठीच बनवलेलं जेट होतं. इटलीचं फियाट जी ८० सुद्धा १९५१ च्या डिसेंबरातलं. त्याआधीची टी ३३ किंवा मिटिऑरची दोन सीटवाली, ती लढाऊ विमानाला मागे खुर्ची जोडून केलेली, ती मोजायची नाहीत हे मान्य. फोकर वीसेकच बनली, खपली नाहीत, म्हणून लोक विसरले. खप मोठा म्हणून नंबर पहिला असं होत नसतं.

पतंगबहाद्दर

@सदाशिवपेठी, खोडलं असं समजा. संपादनाची मुदत संपल्यामुळे वर तसंच दिसेल, पापाचा पुरावा राहू दे. "पहिल्यातलं एक, आणि खपलेलं पहिलं" असं वाचावं.

ग्लायडरताई

माऊली, मी सांगते. मी कॉलेजात असताना हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला जायचे, शनिवार-रविवार पहाटे उठून, त्यामुळे या विषयावर बोलायचा हक्क आहे असं समजते.

साध्या विमानाला शेपटीला आडवी पाती असतात ती नाक वर-खाली करायला, आणि उभं पातं असतं ते नाक डावी-उजवीकडे करायला. व्ही शेपटीत ही दोन्ही कामं त्याच दोन तिरक्या पात्यांवर. दोन्हीच्या मागच्या फळ्या एकदम वर गेल्या की नाक वर. एक वर एक खाली गेली की नाक बाजूला. पायलटला वेगळं काही शिकावं लागत नाही, हातात काठी आणि पायात पेडल तसंच, आत दांड्यांची एक जुळणी असते ती दोघांची बेरीज-वजाबाकी करून फळ्यांना पाठवते. ही कल्पना मुळात पोलंडच्या रुडलिट्स्की नावाच्या इंजिनिअरची, १९३० च्या सुमाराची.

आता फुगावाल्यांनी ती का घेतली. मॅजिस्टरच्या आधी त्यांचा एक ग्लायडर होता, सीएम ८. त्याच्या पाठीवर, कॉकपिटच्या मागे, त्यांनी एक चिमुकलं जेट इंजिन बसवलं, साधारण शंभर किलो ओढ देणारं. १४ जुलै १९४९ ला ते उडालं, म्हणजे त्यांच्या राष्ट्रीय दिनालाच. इंजिन पाठीवर म्हटल्यावर गरम झोत सरळ मागे जाणार आणि उभं पातं नेमकं त्याच्या वाटेत. मग पातंच काढून टाका आणि दोन तिरकी लावा, झोत मधल्या खिंडीतून निघून जाईल. माझ्या मते हा फार सुंदर उपाय आहे.

मजा म्हणजे मॅजिस्टरमध्ये इंजिनं पोटाच्या दोन्ही बाजूंना गेली, झोताचा प्रश्नच उरला नाही, तरी शेपटी तशीच राहिली. एका प्रोटोटाइपला साधी शेपटी लावून तुलनासुद्धा केली होती आणि व्ही ठेवायचं ठरलं. पोटाला जोड कमी, घर्षण कमी.

आणि पंख बघा त्याचे. लांब, सरळ, अरुंद. १२ मीटरच्या वर पसारा आणि लांबी जेमतेम १० मीटर. जेटचे असे असतात का? ग्लायडरवाल्याने काढलेली रेघ लगेच ओळखू येते. इंजिनं बंद पडली तरी हे विमान दगडासारखं पडत नाही, तरंगत येतं. नवशिक्याला याहून काय पाहिजे.

माऊली_७

ताई दंडवत. झोताची गोष्ट डोक्यात फिट बसली. आता पुढचा प्रश्न, एवढ्याशा विमानाला दोन इंजिनं कशाला?

जुना_नेव्हीवाला

नमस्कार मंडळी. मी नौदलात टेक्निकल ब्रँचला होतो, बरीच वर्षं चेतक हेलिकॉप्टरवर काढली, त्यातली काही गोव्यात दाबोळीला. मॅजिस्टर कधी हाताळलं नाही. पण त्याच्या इंजिनाचा भाऊ माझ्या हाताखालून रोज जायचा म्हणून लिहितोय.

माऊली, दोन इंजिनं कारण एक पुरत नव्हतं. मॅजिस्टरचं इंजिन मार्बोरे, बनवणारी कंपनी तुर्बोमेका. एकाची ओढ ४०० किलो. दोन मिळून ८००, आणि विमान भरल्यावर ३२०० किलोचं. नंतरच्या मार्बोरेत ४८० पर्यंत गेली. त्या काळात फ्रान्समध्ये छोट्या आकाराचं इंजिन मागायचं तर जवळपास एकच दार होतं, तुर्बोमेकाचं. त्याचा मालक जोझेफ शिदलोव्स्की, पोलंडात जन्मलेला ज्यू माणूस. १९३८ मध्ये कंपनी काढली, तेव्हा विमानाच्या इंजिनाचे सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारे पंप, बनवायचा. जर्मन आले तेव्हा कारखाना पिरेनीजच्या पायथ्याशी पाऊ शहराजवळच्या बोर्दला हलवलेला, पुढे स्वतः स्वित्झर्लंडला निघून जावं लागलं, युद्धानंतर परत येऊन पहिल्यापासून सुरुवात. आणि सगळे मोठ्या जेटच्या मागे लागलेले असताना हा म्हणाला मी लहान बनवतो.

त्याची एक खुबी सांगतो. बाकीच्या इंजिनांत इंधन बारीक नळ्यांच्या तोंडातून फवारतात, ते तोंड काजळीने तुंबतं, मग साफसफाई. शिदलोव्स्कीने इंधन थेट फिरणाऱ्या शाफ्टच्या पोटातून आणलं आणि शाफ्टवरच्या भोकांतून ते गरगर फिरत बाहेर फेकलं जातं. ओल्या छत्रीची दांडी फिरवली की थेंब चहूकडे उडतात ना, तस्सं. मार्बोरेत तेच आणि आमच्या चेतकच्या आर्टुस्ट इंजिनात पण तेच. आर्टुस्ट एचएएलने बेंगलोरला बनवलेली. सकाळी स्टार्टर मारला की आधी एक बारीक शिट्टी, मग ती चढत चढत जाते, दात शिवशिवतात, मग धप्प करून आग धरते आणि रॉकेलचा वास येतो. मार्बोरेची शिट्टी तर याहून वाईट म्हणतात. फिनलंडमध्ये मॅजिस्टरला टोपणनाव होतं कुक्कोपिल्ली, म्हणजे जत्रेत मिळते ती कोंबड्याच्या आकाराची मातीची शिट्टी.

अजून एक. अमेरिकेने हेच मार्बोरे लायसनवर घेतलं, जे ६९ नावाने बनवलं आणि त्यांच्या सेस्ना टी ३७ ट्रेनरला दोन-दोन लावली. म्हणजे १९५४ ला उडालेल्या त्या अमेरिकन विमानाचं काळीज फ्रेंच, आणि ते २००९ पर्यंत चाललं. कान किटवण्यात तेही कमी नव्हतं.

कोल्हापुरी_ठसका

नेव्हीवाले काका, एक नंबर!! जाता जाता, ही इंजिनांची नावं कुठनं काढत्यात? मार्बोरे, आर्टुस्ट, देवाची नावं वाटत्यात.

जुना_नेव्हीवाला

डोंगर आणि तळी. पिरेनीजमधली. कारखान्यातनं जे डोंगर दिसायचे त्यांची नावं. मार्बोरे शिखर आहे, पिमेने शिखर आहे (तेच ताईंनी सांगितलेलं शंभर किलोवालं), आर्टुस्ट तळं आहे. आपल्या ध्रुव हेलिकॉप्टरला जे शक्ती इंजिन आहे ना, त्याचं फ्रेंच नाव आर्दिदेन, तेही तिकडचंच शिखर.

कोल्हापुरी_ठसका

म्हंजे आपल्याकडं कारखाना असता तर साल्हेर मार्क टू, कळसूबाई मार्क थ्री. ऐकायलाच कसं दणदणीत वाटतंय.

तुलूझकर

उशिरा आलो. मी इथे तुलूझला नोकरीला आहे, नावावरून कळलंच असेल. फुगाचा मोठा कारखाना इथल्याच ब्लान्याक विमानतळाला लागून होता, जिथे आज एअरबस आहेत. नंतर कंपनी १९५८ मध्ये पोतेझकडे गेली, पोतेझ १९६७ ला स्युद एव्हिएशनकडे, मग १९७० ला एरोस्पासियाल. नाव बदलत गेलं, लोकांच्या तोंडी फुगाच राहिलं. इथले म्हातारे अजून नुसतं "ल फुगा" म्हणतात, मॅजिस्टर कुणी म्हणत नाही.

विमान मी म्युझियममध्ये जवळून बघितलंय. पहिली गोष्ट जाणवते ती उंची. म्हंजे नसलेली उंची. समोर पंखा नाही, मग जमिनीपासून वर ठेवायचं कारणच नाही, म्हणून चाकांचे पाय एवढेएवढे. पोट जवळपास जमिनीला टेकलेलं. शिडी नको, रिक्षात बसावं तसं पाय टाकून चढता येईल. माझी सहा वर्षांची मुलगी म्हणाली बाबा हे लहान मुलांचं विमान आहे का. मी म्हटलं एका अर्थाने हो.

दोन सीट एकामागे एक. आणि इथे एक गंमत आहे जी मला आधी माहीत नव्हती. मागे मास्तर बसतो आणि त्याची सीट फारशी वर उचललेली नाही, त्यामुळे त्याला समोर दिसतं काय तर विद्यार्थ्याचं हेल्मेट. मग त्याला दिला पेरिस्कोप! पाणबुडीसारखा, काचेच्या छतातून वर डोकावणारा. मास्तर उतरताना धावपट्टी आरशातून बघायचा. मी तिथे उभा राहून पाच मिनिटं नुसता तो नळकांड्यासारखा तुकडाच बघत होतो. आरशात बघून विमान उतरवायचं, तेही विद्यार्थी काय करेल याचा भरवसा नसताना, त्या मास्तरांना माझा नमस्कार.

आणि इजेक्शन सीट नाही. छत्री पाठीला बांधायची, वेळ आली तर काच उघडून स्वतः उडी मारायची.

सदाशिवपेठी

तुलूझकर, नौदलाचं राहिलं. फ्रेंच नौदलाने यालाच हुक लावून विमानवाहू नौकेवर उतरायला शिकवणारी आवृत्ती घेतली, सीएम १७५ झेफिर. तिची काच वर न उघडता मागे सरकणारी. एकूण ३२ बनली आणि १९९४ पर्यंत चालली.

आणि स्पर्धेत हरलेल्याचं नाव कुणीच घेतलं नाही म्हणून मी घेतो. मोरान-सोल्निए कंपनीचं फ्लरे, एमएस ७५५, जानेवारी १९५३ ला उडालं. त्यात दोघं शेजारी-शेजारी बसायचे. हवाई दलाने मॅजिस्टर निवडलं. मग मोरानवाल्यांनी रडत न बसता त्याचंच चार सीटचं केलं, नाव दिलं पारी, आणि ते साहेब लोकांच्या प्रवासाला बऱ्यापैकी खपलं. नापास झालेल्या पोराने दुकान टाकून बंगला बांधावा तसं.

कोल्हापुरी_ठसका

शेजारी-शेजारी का एकामागं एक यावरनं आठवलं. आपलं किरण, म्हंजे आपल्या हवाई दलाचं ट्रेनिंगचं जेट, शेजारी-शेजारीवालं हाय. आणि ते डिझाइन करणाऱ्यांचे प्रमुख होते डॉ. विष्णू माधव घाटगे, आमच्या कोल्हापूरकडचे. जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांटलच्या हाताखाली डॉक्टरेट केलेली, प्रांटल म्हणजे या शास्त्राचा बाप माणूस. परत येऊन बेंगलोरला एचटी २ हे ट्रेनिंगचं विमान केलं, ते १९५१ ला उडालं, आणि मग किरण, ४ सप्टेंबर १९६४. किरणला एकच व्हायपर इंजिन, पण त्या एकाचीच ओढ मॅजिस्टरच्या दोन्हीपेक्षा जास्त. आणि इजेक्शन सीट पण. बारा वर्षांनी मागनं आलं त्याचा फायदा झाला असं म्हणा. पण कोल्हापूरकरानं केलंय हे विसरू नका.

माऊली_७

विसरू देतोय का तुम्ही.

कट्टेकरी_नं_२

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पण मला एक कळत नाही, ट्रेनिंगच्या विमानाबद्दल एवढं काय? शाळेची बस आहे ती.

खडकवासला_लोकल

@कट्टेकरी, शाळेच्या बसच्या नाकात मशीनगन असतात का? याच्या होत्या, दोन. पंखाखाली रॉकेट आणि छोटे बॉम्बपण लावता यायचे, नेमबाजी शिकवायला म्हणून. आणि मग जे व्हायचं ते झालं. गरीब देशाकडे किंवा घाईत असलेल्या देशाकडे हेच विमान असेल तर तो ते लढाईत नेणारच.

काँगोची गोष्ट सांगतो कारण तिचा धागा आपल्यापर्यंत येतो. १९६० ला काँगो बेल्जियमपासून स्वतंत्र झाला आणि लगेच त्याचा खाणींवाला श्रीमंत भाग, कटांगा, फुटून निघाला. फेब्रुवारी १९६१ मध्ये कटांगाकडे तीन मॅजिस्टर आली, भाडोत्री गोरे पायलट आले. तिनातलं उडतं एकच उरलं. पण समोर कोण, तर संयुक्त राष्ट्रांचं शांतिसैन्य, ज्यांच्याकडे त्या वेळी एकही लढाऊ विमान नाही. म्हणजे एका शाळेच्या बसने आख्खं आकाश ताब्यात ठेवलं. सप्टेंबर १९६१ मध्ये त्या एकट्या विमानाने विमानतळांवर उभी असलेली मालवाहू विमानं फोडली, आणि जादोव्हील गावात अडकलेल्या आयरिश कंपनीवर पाच दिवसांच्या वेढ्यात वरून गोळ्या आणि बॉम्ब. दीडशेच्या आसपास पोरं होती ती. एकही मेलं नाही, पण शेवटी पाणी आणि दारूगोळा संपून शरण जावं लागलं.

त्याच आठवड्यात, १८ सप्टेंबरला, संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस दाग हामारशोल्ड यांचं विमान आजच्या झांबियातल्या एन्डोलाजवळ पडलं. तेव्हापासून आजपर्यंत या एकट्या फुगाचं नाव संशयितांच्या यादीत आहे. रात्रीची वेळ, त्याचा पल्ला तिथवर पुरला असता का, पायलट कोण होता, यावर साठ वर्षं वाद चाललाय आणि निकाल लागलेला नाही.

आता आपण. या एका विमानापायी संयुक्त राष्ट्रांनी लढाऊ विमानं मागितली, स्वीडनने दिली, इथिओपियाने दिली आणि भारताने दिली. आपल्या पाच नंबर स्क्वाड्रनची सहा कॅनबेरा ऑक्टोबरात काँगोला गेली आणि डिसेंबरात कोल्वेझीच्या धावपट्टीवर कटांगाची विमानं जमिनीवरच फोडून काढली. त्याच डिसेंबरात, ५ तारखेला, कटांगाची राजधानी एलिझाबेथव्हीलला शांतिसैन्यातले आपले कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया धारातीर्थी पडले. परमवीर चक्र. आमच्या इथल्या एनडीएतून बाहेर पडलेल्यांतले पहिले परमवीर ते. खडकवासल्याला लहानाचा मोठा झालो, ते नाव शाळेत असल्यापासून माहीत होतं, पण ते काँगोत कशाला गेले होते हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

ग्लायडरताई

हे काहीच माहीत नव्हतं. वाचून थोडा वेळ गप्प बसले.

तुलूझकर

यातली पुढची गोष्ट अशी की १९७५ च्या सुमारास त्याच आयर्लंडने स्वतःच्या हवाई दलासाठी सहा मॅजिस्टर घेतली. जादोव्हीलमध्ये ज्यांनी खंदकात डोकी खाली घातली त्यांच्याच देशात. नव्वदच्या दशकाअखेरपर्यंत वापरली, चार विमानांचं कसरतीचं पथकपण काढलं, सिल्व्हर स्वॅलोज नावाचं. तो आवाज ओळखणारं कुणी त्या एअरशोला आलं असेल का असं वाटून जातं.

कट्टेकरी_नं_२

बस मागे घेतो. इस्रायलचं पण काहीतरी वाचल्यासारखं आठवतंय?

सदाशिवपेठी

हो. तिथे हे लायसनवर बनायचं, म्हणजे इस्रायलच्या विमानउद्योगाची सुरुवातच यावर झाली. १९६७ च्या जूनमध्ये सगळी लढाऊ विमानं इजिप्तच्या विमानतळांवर गुंतलेली होती, तेव्हा फ्लाइंग स्कूलचे मास्तर आणि राखीव पायलट रॉकेट लावून मॅजिस्टर घेऊन निघाले, आधी सिनाईत आणि मग जॉर्डनच्या बाजूला रणगाडे आणि गाड्यांच्या ताफ्यांवर. काम झालं पण किंमत मोजून, सहा-सात विमानं गेली. चिलखत नाही, इजेक्शन सीट नाही, आणि वेग पूर्ण जोर लावून ताशी ७१५ किलोमीटर, तोही उंचावर. त्यांनी मात्र जीव लावून वापरलं. ऐंशीच्या दशकात सगळी उघडून नवीन केली, नाव ठेवलं त्सुकित, आणि २०१० पर्यंत पोरं त्यावर शिकली. शिदलोव्स्कीनेही उतारवयात तिथे बेत शेमेशला इंजिनांचा कारखाना काढला.

(इथून पुढे राजकारणावर धागा नेऊ नये ही नम्र विनंती, मागच्या धाग्याचं काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल.)

माऊली_७

+१. कसरतीचं सांगा ना, फ्रान्सचं ते रंगीत धुराचं पथक यावर होतं ना?

तुलूझकर

पात्रुई द फ्रान्स, १९६४ ते १९८० मॅजिस्टरवर. त्याआधी खरीखुरी लढाऊ विमानं होती त्यांच्याकडे, मिस्टेर ४, तीच जी आपल्या हवाई दलानेही घेतली होती. १९६४ ला पैसे वाचवायला म्हणून पथकच गुंडाळायची वेळ आली, तेव्हा सालों-द-प्रोव्हान्सच्या हवाई अकादमीचं जे स्वतःचं फुगावालं पथक होतं त्यालाच ते नाव दिलं. म्हणजे पैसे नव्हते म्हणून शाळेचं विमान पुढे आलं आणि सोळा वर्षं टिकलं. वेग कमी होता त्याचा उलट फायदा, सगळी कसरत प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोरच, लढाऊ विमानासारखं वळायला दहा किलोमीटर लांब जायला नको. बेल्जियमच्या लाल सैतान (रेड डेव्हिल्स) पथकाने पण १९६५ ते ७७ हेच वापरलं. उलटं उडायला अर्ध्या मिनिटाची परवानगी होती, तेवढं इंधन वेगळं ठेवायची सोय होती.

माझ्या ऑफिसातला एक निवृत्तीला आलेला सहकारी सांगतो, लहानपणी आकाशात शिट्टी वाजली की वर न बघता सगळे म्हणायचे फुगा.

ग्लायडरताई

मग संपलं कसं?

सदाशिवपेठी

वय झालं. पुढच्या टप्प्याच्या शिक्षणाला अल्फा जेट आलं, प्राथमिकला पुन्हा पंख्याचीच विमानं, आधी एप्सिलॉन आणि मग ब्राझीलचं तुकानो. हे मला फार गमतीचं वाटतं. पन्नासच्या दशकात पहिल्या दिवसापासून जेटवर शिकवा म्हणून जगभर हवा होती, ऐंशीत तेल महागल्यावर सगळे गपगुमान पंख्याकडे परत. १९७८ मध्ये नवीन इंजिनं लावून फुगा ९० म्हणून एक उडवलं होतं, एकही ऑर्डर आली नाही. फिनलंडने १९८८ ला थांबवलं, बेल्जियमने थोडी तर २००७ पर्यंत रेटली.

पतंगबहाद्दर

मंडळी, मी मॉडेलच्या शेपटीवरून धागा काढला आणि तुम्ही काँगोपर्यंत नेलात. भाच्याला सगळं वाचून दाखवलं (काँगो थोडं गाळून). पेरिस्कोप ऐकल्यावर त्याने फ्रेममध्ये शोधला, होता! टाचणीच्या डोक्याएवढा तुकडा. मी तो कचरा समजून झाडून टाकला असता. तिसरा तुकडा शोधता शोधता हा सापडला असता तर निदान तास वाया गेला नसता.

आता नवीन संकट. विमान जोडून झालं, चाकांवर उभं केलं की शेपटीवर बसतंय. नाक हवेत. बहुतेक आत वजन टाकायला पाहिजे होतं, आणि आता नाक चिकटवून बसलोय. कुणाकडे उपाय?

जुना_नेव्हीवाला

नाक परत उघड. ब्लेडने सावकाश, चिकटवलेल्या रेघेवरूनच. गळाला लावतात ते शिसं मिळतं, बारीक मणी, ते आत भर आणि वरून थोडा डिंक. पुढचं चाक टेकेपर्यंत एकेक मणी वाढवत जा, एकदम ओतू नकोस.

कोल्हापुरी_ठसका

नाहीतर शेपटीखाली काडेपेटी ठेवा. फुगा हाय, हवेत राहणारच.

पतंगबहाद्दर

नऊ मणी लागले. बसलं खाली, झकास. फोटो उद्या टाकतो. रंग कुठला यावरून घरात भांडण होतं, शेवटी आयरिश ठरला, भाच्याच्याच म्हणण्यावरून. आता तो विचारतोय नाकातली मशीनगनची दोन भोकं काळी करायची का तशीच सोडायची. मला काही सांगता आलं नाही.

जुना_नेव्हीवाला

त्यालाच ठरवू दे. आणि शिसं हाताळलंत ना दोघांनी, जेवायच्या आधी हात साबणाने धुवा.